विहारची भिंत आणि मुंबईची तहान : भांडुपच्या टेकड्यांआडच्या एका तलावाची कथा (थ्रेड)

१/
भांडुप पश्चिमेच्या टेकड्यांपलीकडे विहार तलाव आहे आणि अलीकडे महापालिकेचे भांडुप संकुल. मुंबईकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा या संकुलातून शुद्ध होऊन पुढे जातो. मात्र शहरासाठी तलाव बांधावा, तो पुरेनासा झाला की त्याची भिंत उंचवावी, ही रीत येथे संकुलाच्या शंभर वर्षे आधीच रुजली होती.

२/
नळ येण्यापूर्वीची मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी ही आजची नावे त्याच काळाची साक्ष देतात. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचे तळे. धोबी तलावालाच पुढे फ्रामजी कावसजी यांचे नाव मिळाले. तळे खोदणे हे धनिकांच्या दानधर्माचे अंग होते. पाणीपुरवठा ही सरकारची जबाबदारी मानली जात नव्हती.

३/
ही तळी पावसाळ्यात भरत आणि उन्हाळ्यात गाळाने भरलेली डबकी होत. भिस्ती पखाली भरून घरोघरी पाणी विकत. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या बेटांवर बारमाही वाहणारी नदी नव्हती. १८४९ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ५,६६,११९ भरली. एवढ्या माणसांना खोदलेल्या तळ्यांवर जगवणे दिवसेंदिवस कठीण होत चालले होते.

४/
१८४५ मध्ये पाणीटंचाईने त्रस्त झालेल्या नेटिव्ह वस्तीतील रहिवाशांनी आवाज उठवला आणि सरकारने दोन सदस्यांची समिती नेमली. पुढे कॅप्टन क्रॉफर्ड यांनी साष्टी बेटावरील मिठी नदीचे खोरे विहारपाशी अडवावे, अशा बाजूने अहवाल दिला. (हे क्रॉफर्ड वेगळे. मार्केटला ज्यांचे नाव आहे ते आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर झाले.)

५/
अहवाल झाला, तरी काम हलेना. १८५० च्या दशकाच्या मध्यावर पाऊस अपुरा झाला आणि विहिरी तळाला गेल्या. बाहेरून आणलेले पाणी शहरातल्या विहिरींत ओतण्याची वेळ आली. गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. वर्षानुवर्षे कागदावर राहिलेली योजना त्यानंतर मात्र वेगाने पुढे सरकली.

६/
गव्हर्नर होते लॉर्ड एल्फिन्स्टन आणि योजनेचे अभियंते हेन्री कॉनिबेअर. कुलाब्याचे अफगाण चर्च याच कॉनिबेअर यांच्या आराखड्यावर उभे आहे. १८५६ च्या जानेवारीत विहारचे काम सुरू झाले. खोऱ्याची तोंडे तीन मातीच्या बंधाऱ्यांनी अडवण्यात आली आणि १८६० मध्ये शहराला पाणी मिळू लागले.

७/
या कामाचा काळही ध्यानात घेण्याजोगा आहे. काम चालू असतानाच १८५७ चा उठाव झाला आणि कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. दुसरीकडे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. या लोहमार्गाची कल्पना सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नोंदले आहे.

८/
शहरासाठी दूरच्या दरीत पाणी साठवणे ही त्या काळातली नवी चाल होती. न्यूयॉर्कने १८४२ मध्ये क्रोटन नदीचे पाणी आणले. ग्लासगोने कॅट्रिन सरोवराची पातळी उंचावून १८५९ मध्ये ते पाणी शहरात नेले. विहार या जागतिक प्रवाहाच्या अगदी आरंभीच्या टप्प्यातील योजना होती, हे मुंबईच्या इतिहासात अनेकदा नजरेआड होते.

९/
तलाव डोंगरात उंचावर असल्यामुळे पाणी उताराच्या जोरावर वाहत असे. ते चढवण्यासाठी यंत्र लागत नव्हते. ३२ इंच व्यासाची बिडाची नळवाहिनी साष्टीतून शहरापर्यंत टाकण्यात आली. विहारची दैनिक क्षमता ३२ दशलक्ष लिटर होती आणि हिशेब धरला होता सुमारे सात लाख माणसांचा. म्हणजे माणशी ४५ लिटरांच्या आसपास.

१०/
हा हिशेब चार वर्षेही टिकला नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी मुंबईकडे वळली. पैशाचा पूर आला, त्यामागे माणसांचाही. १८६४ च्या गणनेत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. विहारच्या योजनेत धरलेली संख्या केव्हाच मागे पडली होती.

११/
१८६५ मध्ये युद्ध संपले आणि शेअरबाजाराचा फुगा फुटला. १८७२ च्या गणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ पर्यंत उतरली. या आकड्याच्या आधारे 'आता पाणी पुरेल' असे म्हणता आले असते. परंतु नळाने पाण्याची सवयच बदलली होती. घरात पाणी येऊ लागले की माणसे विहिरीच्या काळाएवढ्या पाण्यावर भागवत नाहीत. वापर लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढतो.

१२/
म्हणून १८७२ मध्ये विहारच्या बंधाऱ्यांची उंची वाढवण्यात आली आणि पुरवठा दिवसाला ६८ दशलक्ष लिटरांपर्यंत, म्हणजे मूळच्या दुपटीहून अधिक झाला. त्याच वर्षीच्या कायद्याने मुंबईला निवडून आलेले सदस्य असलेली म्युनिसिपल कॉर्पोरेशन मिळाली. नागरी स्वराज्याचा आरंभ आणि तलावाचा पहिला विस्तार एकाच वर्षीचे आहेत.

१३/
थोडी उंची वाढवून एवढा फरक कसा पडतो? दरीचा आकार बशीसारखा असतो : तळाशी अरुंद, वर पसरट. बशीतल्या तळाच्या एका बोटात जेवढे पाणी मावते त्याहून कितीतरी अधिक काठाजवळच्या एका बोटात मावते. त्यामुळे भिंतीचे शेवटचे काही फूट सर्वाधिक साठा देतात. तेच सर्वाधिक जमीनही बुडवतात.

१४/
मात्र मातीचा बंधारा उंचवणे म्हणजे वर भर टाकणे नव्हे. उंची वाढली की पायथाही रुंदवावा लागतो. पाणी झिरपू न देणारा चिकणमातीचा गाभा वरपर्यंत न्यावा लागतो आणि सांडवाही नव्याने बेतावा लागतो. कारण मातीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागले की माती वाहून जाते आणि बंधारा फुटतो.

१५/
ही भीती पुस्तकी नव्हती. मार्च १८६४ मध्ये इंग्लंडात शेफिल्डजवळचा डेल डाइक हा नवा मातीचा बंधारा पहिल्यांदा भरत असतानाच फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली. मराठी वाचकाला १२ जुलै १९६१ चे पानशेत आठवेल. तोही मातीचाच बंधारा होता आणि त्याच्या पाण्याने पुणे उद्ध्वस्त केले.

१६/
भिंत उंचवण्याला दुसरीही एक मर्यादा असते आणि ती अधिक मूलभूत आहे. तलाव कितीही खोल केला, तरी त्यात येणारे पाणी पाणलोटाएवढेच असते. विहारचे पाणलोट क्षेत्र जेमतेम १९ चौरस किलोमीटर आहे. हंडा मोठा आणून धार वाढत नाही. विहारला अधिक पाणी हवे, तर शेजारचे खोरे जोडणे भाग होते.

१७/
ते खोरे म्हणजे उत्तरेकडचे तुळशी. आरंभी तुळशीचा प्रवाह विहारकडे वळवून त्याची भर घालण्यात आली. पुढे १८७९ मध्ये रिएन्झी वॉल्टन यांच्या देखरेखीखाली तुळशी स्वतंत्र तलाव म्हणून पूर्ण झाला. तो विहारहून उंचावर असल्याने त्याचे पाणी मलबार हिलसारख्या उंच भागापर्यंत पोहोचवता आले. आजही तुळशी भरून वाहिला की ते पाणी विहारला मिळते.

१८/
त्यानंतर जवळचा आणखी एक उपाय करून पाहण्यात आला : पवई. टंचाईच्या भीतीने १८९० च्या सुमारास तो तलाव घाईने बांधला गेला. परंतु त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. आजही ते पिण्यासाठी वापरले जात नाही. जवळ आहे आणि स्वस्त आहे एवढ्यावर जलस्रोत निवडला की काय होते, याचे हे उदाहरण भांडुपपासून हाकेच्या अंतरावर आहे.

१९/
साष्टीतली खोरी संपली होती. पुढचा टप्पा होता शहापूर तालुक्यातील तानसा. मेजर हेक्टर टुलक यांनी या स्रोताचा आग्रह आधीच धरला होता. १८९२ मध्ये चुन्याच्या दगडी बांधकामाचे, मैलाहून अधिक लांबीचे तानसा धरण पूर्ण झाले. मुंबईची तहान प्रथमच बेटांच्या बाहेर, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचली.

२०/
विहार आणि तानसा यांत एक महत्त्वाचा फरक होता. विहार आधी पुरेसा मानून बांधला आणि मग उंचवावा लागला. तानसा बांधतानाच पुढे उंचवण्याचा विचार केलेला होता. दगडी धरण पाण्याचा दाब स्वतःच्या वजनाने पेलते. उंची वाढवायची, तर पायातले बांधकाम आधीपासूनच तेवढे रुंद हवे. अभियंत्यांनी तो पाया नातवंडांच्या हिशेबाने घातला.

२१/
आणि नातवंडांनी तो वापरलाही. तानसाची क्षमता १८९२ नंतर १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी वाढवत नेली. पहिले महायुद्ध, गिरणगावाचा विस्तार, फाळणीनंतर आलेले निर्वासित अशा शहराच्या प्रत्येक वळणाला हे धरण, त्याची कामे आणि त्याच्या वाहिन्या वाढत गेल्या. तलाव वाढवून भविष्य सुरक्षित करण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत दीर्घ उदाहरण कदाचित हेच असेल.

२२/
पण पाणी आणणे हा अर्धाच प्रश्न होता. आलेले पाणी वापरल्यावर जाणार कोठे? गटारांची व्यवस्था नळांच्या मागेच राहिली. १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा सांडपाण्याने जमीन सतत ओली राहते याकडे काही जाणकारांनी बोट दाखवले. प्लेगचा जंतू उंदरांवरील पिसवांतून पसरतो हे पुढे सिद्ध झाले. पण निचऱ्याची ती तक्रार खोटी नव्हती.

२३/
नळाने जुन्या पाण्याची प्रतिष्ठाही घालवली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला आणि डासांचे घर म्हणून विहिरी बुजवण्याची वा झाकण्याची मोहीम निघाली. अनेक समाजांनी धार्मिक कारणांनी तिला विरोध केला. चर्चगेटजवळची, १७२५ पासूनची भिखा बेहराम विहीर आजही टिकून आहे. इतर अनेक बुजल्या. शहर पूर्णपणे दूरच्या तलावांवर विसंबले.

२४/
आता या कथेची दुसरी बाजू. विहार आणि तुळशी साष्टीत होते, तर पाणी बेटांवरच्या शहरासाठी होते. विहार पूर्ण झाल्यानंतर नव्वद वर्षे भांडुप मुंबई महापालिकेच्या हद्दीतच नव्हते. १९५० मध्ये हद्द मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत आणि पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली.

२५/
म्हणजे तलाव ज्यांच्या उशाशी होता त्यांचा त्यावर नागरी हक्क जवळजवळ शतकभर नव्हता. ज्या दरीत तलाव होतो तिथले रान आणि शेत पाण्याखाली जाते. ज्या शहराला पाणी मिळते ते कोसभर दूर असते. विहारला आरंभ झालेली ही विभागणी प्रत्येक नव्या धरणाबरोबर आणखी दूर सरकत गेली.

२६/
स्वातंत्र्यानंतरची साखळी सर्वांना ठाऊक आहे. १९५७ च्या सुमारास वैतरणेवरचे धरण पूर्ण झाले, अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने ते मोडकसागर झाले. १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० पासून टप्प्याटप्प्याने भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. १८६० मध्ये शहराच्या वेशीबाहेर असलेला स्रोत आता शंभर किलोमीटरांपलीकडे गेला होता.

२७/
एवढ्या दुरून आलेले पाणी शुद्ध करून वाटायचे कोठे? उत्तर पुन्हा भांडुपच निघाले. शहराच्या ईशान्य वेशीवरची उंच जागा वाहिन्यांच्या वाटेवर होती आणि तेथून उताराने वाटप शक्य होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७३ नंतर हाती घेतलेल्या पाणीपुरवठा कार्यक्रमाच्या काळात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस भांडुप संकुल उभे राहिले.

२८/
आज येथील दोन केंद्रांची मिळून शुद्धीकरण क्षमता दिवसाला २,८१० दशलक्ष लिटर आहे : जुने केंद्र १,९१० आणि मध्य वैतरणाच्या पाण्यासाठीचे नवे ९००. येथेच मुख्य संतुलन जलाशय आहे. शहरातल्या सेवा जलाशयांना पाणी या टाकीतून सुटते. गुंदवलीहून कापूरबावडीमार्गे येणारा सुमारे १५ किलोमीटरांचा जलबोगदाही येथेच येऊन मिळतो.

२९/
आकड्यांत अंतर पाहावे. मुंबईच्या सात तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांत भातसा ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मी. विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. १८७२ मध्ये संपूर्ण शहराचा भार वाहणारा तलाव आज हिशेबातली शेवटची ओळ आहे.

३०/
मागणी मात्र त्याच नियमाने वाढली. १८६० मध्ये दिवसाला ३२ दशलक्ष लिटर होते. आज सुमारे ३,८०० हून अधिक आहेत. पाणी शंभर पटींहून अधिक वाढले. २०११ च्या जनगणनेची १,२४,४२,३७३ ही संख्या मूळ सात लाखांच्या अठरापटीच्या आत भरते. उद्योग, व्यापार आणि गळती वजा केली, तरी विहारच्या हिशेबकर्त्यांना हे प्रमाण अविश्वसनीय वाटले असते.

३१/
आणि सरासरी फसवी असते. भांडुप पश्चिमेच्या टेकड्यांवरच्या वस्त्या संकुलाच्या अगदी शेजारी आहेत, पण चढावर दाब पुरत नाही. सकाळी हंडे-कळशा घेऊन रांगेत उभे राहणे तेथे नवलाचे नाही. पाणी उताराने वाहते. १८६० मध्ये जो गुण होता तोच उंचावर राहणाऱ्यासाठी दोष ठरतो.

३२/
दुसऱ्या टोकाला शहापूर तालुका आहे. तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत, तरीही येथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकडे जाणाऱ्या अजस्र वाहिन्या त्यांच्या शिवारातून जातात. धरणाची उंची ठरवताना शहराची गरज मोजली जाते. ज्यांच्या दारात साठा आहे त्यांची गरज त्या समीकरणात कोठे लिहिली गेली, हा प्रश्न उरतोच.

३३/
केंद्रीकरणाचा धोका १८ जुलै २०२१ च्या पहाटे दिसला. अतिवृष्टीत भांडुप संकुलात पाणी शिरले, विजेची यंत्रणा बंद करावी लागली आणि मुंबईच्या बहुतेक भागांचा पुरवठा विस्कळीत झाला. बाहेर धो धो पाऊस आणि नळ कोरडे! साठा कितीही वाढवला, तरी तो ज्या एका दारातून येतो ते दार बंद पडले की शहर तहानलेलेच राहते.

३४/
विहारची गोष्टही संपलेली नाही. तो भरून वाहिला की जादा पाणी मिठी नदीत जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने काय केले ते सर्वश्रुत आहे. विहारचे ओसंडणारे पाणी उपसून भांडुप संकुलात आणण्याची योजना महापालिकेने अलीकडे आखली. पूर थोडा हलका व्हावा आणि पाणीही वाया जाऊ नये, हा तिचा हेतू.

३५/
या योजनेत भिंत उंचवायची नाही आणि नवी जमीन बुडवायची नाही. जे वाहून जाते तेच धरायचे. याउलट पालघर जिल्ह्यातील प्रस्तावित गारगाई धरणासाठी जंगल आणि गावे पाण्याखाली जाणार आहेत. तिसरा पर्याय मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा. त्यात जमीन वाचते, पण वीज आणि पैसा फार लागतो.

३६/
मागे वळून पाहता विस्ताराचे तीन धडे दिसतात. भिंत वाढवून साठा वाढतो, पाऊस वाढत नाही : हा विहारचा. पुढच्या पिढीसाठी पाया आधीच रुंद घालावा : हा तानसाचा. आणि पाणी आणण्याबरोबर त्याचा निचरा व न्याय्य वाटप यांचाही आराखडा हवा : हा प्लेगच्या काळातल्या गटारांचा आणि आजच्या शहापूरचा.

३७/
१८७२ चा निर्णय चुकीचा नव्हता. पुढची काही वर्षे त्याने शहर तगवले आणि तुळशी, तानसा यांसाठी उसंत मिळवून दिली. तलावाचा विस्तार बहुधा एवढेच देऊ शकतो : वेळ. त्या वेळात गळती थांबवायची, पावसाचे पाणी धरायचे, वापरलेले पाणी पुन्हा वापरात आणायचे, की आणखी एक दरी शोधायची, हे मात्र शहराने ठरवायचे असते.

३८/
ज्यांना हा इतिहास प्रत्यक्ष पाहायचा आहे त्यांना एक सूचना : विहार तलाव आणि भांडुप संकुल सुरक्षेच्या कारणास्तव सर्वांसाठी खुले नाहीत. पण भिखा बेहराम विहीर, सी. पी. टँकचा परिसर आणि धोबी तलावाचा चौक हे एका दुपारी पायी पाहता येतात. नळाआधीची मुंबई नावांमध्ये अजून शिल्लक आहे.

(समाप्त)
#मुंबईचा_इतिहास #विहार #भांडुप #पाणी